फलकावरचं नाव

कॉलेजच्या सर्व्हरची डिस्क भरली आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत याद्या अडकल्या. गणपुले सर मार्चमध्येच प्राचार्यपदावरून निवृत्त झाले होते, पण केबिनचा मोह काही सुटला नव्हता. नव्या प्राचार्य बाई बिचाऱ्या ग्रंथालयातल्या टेबलावरून कारभार हाकत होत्या. त्यामुळे सर्व्हर सांभाळणाऱ्या सुलभा तांडेलला बोलावणं आलं, ते सरांचंच.

"ती भलीमोठी फाइल काल माझ्यासमोर पुसलीत ना? तरी डिस्क भरलेलीच?"

"हो सर." सुलभाने लॅपटॉप पुढे ठेवला. "डीयू कमांडने एकेक फोल्डर मोजलं, तर भरतात चाळीस जीबी. डीएफ कमांडने आख्ख्या डिस्कला विचारलं, तर ती म्हणते शंभर वापरात आहेत."

"मग साठ जीबी गेले कुठे? संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर तुमच्याबद्दल संस्थेला लिहितो."

"संध्याकाळ कशाला, सर? फाइलचं नाव यादीतून गेलं, पण एक प्रोग्रॅम तिला अजून धरून बसलाय. तो सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही."

"काहीतरीच. नाव काढलं की जागा मोकळी झालीच पाहिजे."

सुलभाने दाराबाहेरच्या फलकाकडे शांतपणे पाहिलं. "सर, तिथलं आपलं नाव मार्चमध्ये काढलं."

सरांनीही फलकाकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "अशा प्रोग्रॅमला काय करतात?"

"आधी नम्रपणे सांगतात, सर. बहुतेक वेळा तेवढ्यावर सोडतो तो."

सरांनी टेबलावरचं चष्म्याचं घर उचलून खिशात टाकलं. "याद्या झाल्या की बाईंना सांगा, खोली झाडून घ्या म्हणावं."