हवेचा स्क्रू

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राजे होते, राक्षस होते आणि जुन्या मोटारसायकलीही होत्या. नव्हत्या असं ज्याला वाटतं, त्याने खुशाल दुसरी गोष्ट ऐकावी.

एका घाटाच्या पायथ्याशी दोन मेकॅनिक समोरासमोर दुकान मांडून बसत. दोघे एकाच उस्तादाचे शागीर्द. थोरला नुसता आवाज ऐकून कार्बोरेटरचं दुखणं ओळखी, म्हणून लोक त्याला कानवाला म्हणत. धाकट्याला वायरिंगमधलं सगळं कळे, तो तारवाला. दोघांनाही पोटापुरतं काम होतं. पण तारवाल्याला स्वतःच्या ताटापेक्षा समोरच्याचं ताटच जास्त दिसायचं.

एके दिवशी गावची सुईण आपली जुनी, चार हातांतून फिरलेली मोटारसायकल घेऊन कानवाल्याकडे आली. गाडी खोकत होती, मध्येच बंद पडत होती. कानवाल्याने कार्बोरेटर उघडला, कचरा अडकलेला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक नळी, साफ केला आणि पेट्रोलात हवा किती मिसळायची ते ठरवणारा हवेचा स्क्रू कान लावून जुळवला. मग म्हणाला, "माझं काम झालं, मावशी. पण बॅटरी चार्ज होत नाहीये. समोर जा. तारेच्या कामात त्याच्यासारखा माणूस पंचक्रोशीत नाही."

सुईणीने हे शब्द जसेच्या तसे तारवाल्याला सांगितले. कौतुकाने माणूस फुलतो. हा जळला. मोठेपणा मिरवतोय लेकाचा, असं त्याला वाटलं.

त्याने सीटखालचा जळका कनेक्टर शोधून बदलला. हॉर्न खणखणीत वाजला, दिवा लख्ख लागला. काम तिथेच संपलं होतं. पण इंजिन इतकं एका लयीत चालत होतं, की ऐकून त्याच्या पोटात दुखायला लागलं. असं आपल्याला सात जन्मांत जमणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग दुसऱ्याने उघडलेली गाडी पाहून प्रत्येक मेकॅनिक जे म्हणतो, ते तोही म्हणाला, "आधी कुणी हात लावला होता हिला?" आणि सुईणीची पाठ वळताच त्याने हवेचा स्क्रू रागारागाने फिरवला. सपाटीवर काही कळणार नव्हतं. घाटात गाडी बंद पडेल आणि कानवाल्याचं नाव जाईल, एवढाच त्याचा हिशोब.

तारवाल्याचं घर घाटावर होतं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. थोड्याच दिवसांत दुकानावर निरोप आला, पोर अडली आहे, सुईणीला घेऊन लगेच या. तो धावत गेला आणि सुईणीच्या मागे गाडीवर बसला. पहिल्याच वळणावर गाडी खोकली आणि बंद पडली.

"कानवाल्याने वाट लावली गाडीची!" सुईण म्हणाली. "पुन्हा नाही त्याची पायरी चढायची."

हेच ऐकायला तो आसुसला होता. आता ऐकलं आणि तो झटकन खाली उतरला. त्याने स्क्रू उलटा फिरवून पाहिला, पण किती फिरवला होता ते रागात मोजलं कुठे होतं? शेवटी दोघांनी गाडी वळवली आणि बंद इंजिनाने उतारावरून थेट कानवाल्याच्या दारात आणली.

कानवाला पाना घेऊन कार्बोरेटर पुन्हा सोडवायला बसला. त्यात बराच वेळ गेला असता.

"उघडू नकोस, दादा," तारवाला म्हणाला. "जेट साफच आहे. हवेचा स्क्रू मी फिरवला. तुझं नाव खराब व्हावं म्हणून."

कानवाल्याने मानही वर केली नाही. त्याने किक मारली, रेस देत इंजिन चालू ठेवलं, कान लावला, स्क्रू हलके हलके फिरवला. खोकला थांबला.

"बसा. बोलणं मागाहून."

घरी पोचले तेव्हा लेक निपचित पडली होती. सुईणीने शर्थ केली, म्हणून बाळ रडलं आणि लेकीने डोळे उघडले. जीव वाचले, पण अगदी काठावर.

"बाबा," तिने क्षीण आवाजात विचारलं, "मी केव्हाची वाट बघत होते. इतका उशीर का झाला?"

ज्याच्या तोंडी कायम "कुणी हात लावला होता?" असायचं, तो म्हणाला, "मीच हात लावला होता, पोरी."

तात्पर्य: दुसऱ्याच्या चांगल्या कामात घातलेला खोडा आपल्याच घराची वाट अडवतो.