शाल्मली झालेली राजकन्या

एका राज्यात नगाऱ्यावाचून दानधर्म होत नसे. राजा रिपुंजय भिकाऱ्याला मूठभर जोंधळे घाली आणि वेशीपर्यंत दणदणाट होई. मोठ्यांच्या दानाला आवाज फार. एकदा एक मांत्रिक त्याच्या पंगतीला बसला. नगारा वाजताच तो हातचा घास टाकून उठला.

"राजा, तू हेतूवाचून कधी काही केले नाहीस. तुझी लेक झाड होईल. मनात काही न धरता तिच्यासाठी काही करशील, तेव्हाच ती सुटेल."

आणि आठ वर्षांची इरावती अंगणात खेळता खेळता शाल्मली झाली. त्याच दिवशी राज्यातल्या विहिरी आटल्या.

राजाने नगारा फोडला. तोंडाला फडके बांधून गावोगाव अन्न वाटले, या हाताचे त्या हाताला कळू दिले नाही. परतून झाडापुढे उभा राहिला, तर फांदीवरचा रावा म्हणाला, "राजा, हा सौदा आहे."

राजाने सिंहासन धाकट्या भावाला दिले. रावा म्हणाला, "राजा, हाही सौदाच."

मग तो लेकीला विसरायला रानात गेला. विसरलो की ती सुटेल, असे रोज घोकत राहिला. केस पिकले, दात पडले. परतला, तेव्हा राव्याने नुसती मान फिरवली.

राजा मटकन खाली बसला. बिचाऱ्याने करावे तरी काय? लेक हवी होती, आणि हवी होती म्हणूनच मिळत नव्हती.

"इरा, माझ्याने होत नाही गं," तो म्हणाला. त्याची आशा मेली. रडूही आले नाही.

बुंध्यावर लाल मुंग्या चढत होत्या. "चावत असतील पोरीला," असे पुटपुटत तो पंच्याने त्या झटकू लागला. झटकतच राहिला.

साल उकलली. इरावती बाहेर आली, आठ वर्षांचीच. विहिरी तुडुंब भरल्या. धाकट्या भावाने मुकुट आणून पुतणीपुढे ठेवला.

ती म्हाताऱ्याला पाहून मागे सरली. "आजोबा, माझे बाबा कुठे आहेत?"

"मीच गं."

तिला ते खरे वाटेना. ती रडत बाबांना हाका मारू लागली. अंगणातली फरशी तापली होती. राजाने पायातल्या वहाणा काढून तिच्यापुढे सरकवल्या आणि तो लांब जाऊन उभा राहिला.