पुठ्ठ्याचा डॅशबोर्ड

एकदा एक बाई आपल्या दिवंगत वडिलांची गाडी घेऊन तात्या पांचाळांच्या गॅरेजात आल्या. बाईंचं नाव मंदाकिनी खरे. पोस्टातून नुकत्याच निवृत्त झालेल्या, चणीने लहानखुऱ्या, बोलणं मोजकं. गाडी छप्पन सालची. वडील डॉक्टर होते आणि याच गाडीतून त्यांनी सारी पंचक्रोशी तपासली होती. ते गेल्यावर गाडी दोन वर्षं बहुतेक उभीच राहिली आणि वाळवीने डॅशबोर्डाची फळी खाऊन टाकली. इंजिन ठणठणीत होतं, पण समोर पाहावं तर मीटर आणि बटणं वायरींना लोंबकळत होती.

अशी फळी तयार मिळत नाही असं नाही; पण पेन्शनीतल्या माणसाने तिची किंमत विचारू नये हे बरं. म्हणून बाईंनी वडिलांच्या औषधाच्या कपाटाचं सागवानी दार बरोबर आणलं होतं.

"यातून करा," त्या म्हणाल्या. "आप्पांची होती अगदी तशी."

मग जरा थांबून त्यांनी खरी अडचण सांगितली. पुण्याच्या भावाने गाडीला गिऱ्हाईक पाहिलं होतं. तो महिनाअखेर येणार होता. तोवर बाई गाडी स्वतः चालवू लागल्या तर ती राहणार, नाही तर विकली जाणार.

"फळी धड होती तेव्हाही मी गाडी चारदा चालवून पाहिली, आणि चारही वेळा घाबरून परत आणली," बाई म्हणाल्या. "भाऊ म्हणतो, एवढं धूड तुला झेपायचं नाही. मलाही आता तसंच वाटायला लागलंय."

काम श्रीपालकडे आलं. श्रीपाल चौगुले हा तात्यांच्या हाताखाली सहा वर्षं शिकत असलेला शिष्य. हात सोन्यासारखा, आणि तो तसा आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं. त्याने भंगारबाजार पालथा घालून त्या गाडीचं जुनं माहितीपुस्तक मिळवलं, त्यातल्या आराखड्यावरून केसाइतकाही फरक न ठेवता पुठ्ठ्याचा फर्मा कापला, सागाचं दार टेबलावर घेतलं आणि करवत उचलली.

"ठेव खाली," तात्या म्हणाले. "आधी पुठ्ठ्याची कर."

"फर्मा झालाय की माझा."

"फर्मा नव्हे. पुठ्ठ्याचीच फळी गाडीत बसव. मीटर लाव, बटणं लाव, वरून पांढरा कागद चिकटव आणि गाडी बाईंना दे. आठ दिवस चालवू देत. आणि एक, ती फळी कुणी पुसायची नाही."

आता सांगा, एवढी खानदानी गाडी, तिला वह्यांच्या बांधणीचा पुठ्ठा. श्रीपालला ब्रह्मांड आठवलं. पण तात्यांचं वय सत्तरीपार. त्यांच्याशी हुज्जत घालण्याची गॅरेजात रीत नव्हती. दोन जाड पुठ्ठे एकावर एक डकवून त्याने फळी बसवली.

पुढले आठ दिवस त्याला फार जड गेले. बाई रोज सकाळी कालव्याच्या रस्त्याने गाडी काढत. चौकातले लोक आत डोकावून विचारत, "काय हो, खोक्यातून काढलीय का?" बाई गिअर टाकून पुढे निघत. चहाच्या टपरीवर मात्र कुणी विचारलं, हे काम कुणाचं, की श्रीपाल पेला अर्धा टाकून उठायचा. माझं नाव मातीत घालायचं तर निदान कारण तरी सांगावं, असं त्याच्या मनात येई, आणि तात्यांचा खरोखरच राग येई.

नवव्या दिवशी बाई गाडी घेऊन आल्या. उतरल्या त्याच उतरलेल्या चेहऱ्याने.

"नाही जमत, तात्या. काल समोरून ट्रक आला, वायपरचं बटण शोधता शोधता गाडी साइडपट्टीवर गेली. भावाला कळवून टाकते."

श्रीपालने दार उघडलं. पांढऱ्या पुठ्ठ्याची पार रया गेली होती. जिकडेतिकडे बोटांचे काळे डाग, खालची कड दबून चेपलेली. त्याला लाज वाटली. खिशातलं फडकं काढून तो डाग पुसायला वाकला, तोच तात्यांनी त्याचं मनगट धरलं.

"पुसू नको. वाच," ते म्हणाले. "वायपरचं बटण कुठाय?"

"हे, इथं."

"आणि डाग?"

डाग बटणावर नव्हता. तो चांगला चार बोटं खाली आणि उजवीकडे होता, आणि तिथून एक मळकट ओरखडा सरपटत बटणापर्यंत गेला होता. दिव्यांच्या बटणाचंही तेच. श्रीपाल बघत राहिला. आठ दिवस बाईंचा हात दर वेळी त्याच जागी पडला होता आणि दर वेळी चुकला होता.

"कड कशाने चेपली, बाई?"

"गुडघ्याने. पाठीशी उशी घेतल्याशिवाय माझा पाय ब्रेकवर पोचत नाही. उशी घेतली की गुडघा लागतो."

"वेगाचा काटा दिसतो का?"

"मान वर केली की दिसतो. नाही तर स्टिअरिंग आड येतं."

तात्या स्टुलावर बसले. "श्रीपाल, तुझ्या मापात खोट नाही. पण ते माप सहा फुटी माणसाचं आहे. डॉक्टरांना बटण शोधावं लागलं नाही, हात जाई तिथंच ते होतं. या बाईंना मात्र प्रत्येक बटणापायी रस्त्यावरची नजर काढावी लागते, पाठ सीटवरून उचलावी लागते. मग धडकी भरेल नाही तर काय होईल? लाकडात पाडलेलं भोक बुजत नाही, आणि एवढं देखणं काम झाल्यावर ते चुकलंय असं म्हणायची हिंमत ना तुझी झाली असती, ना यांची. पुठ्ठ्याची कुणाला भीड पडत नाही. म्हणून त्याने खरं सांगितलं."

"पण मी आप्पांची होती तशी मागितली होती," बाई हळूच म्हणाल्या.

"सागवान आप्पांचंच आहे. बसणार तुम्ही आहात."

श्रीपालने दुसरा पुठ्ठा कापला. बाईंना सीटवर बसवून, डोळे मिटायला लावून, हात पडेल तिथे त्याने पेन्सिलीने खूण केली. काटा स्टिअरिंगच्या पोकळीतून दिसेल इतका खाली घेतला, खालच्या कडेला गुडघ्यापुरती कमान काढली. ती फळी चार दिवस रस्त्यावर फिरून आली तेव्हा डाग बटणांवरच होते. मग त्याने सागाला करवत लावली. बटणं आराखड्यातल्यासारखी एका रेषेत नव्हती. ते त्याच्या डोळ्यांना खुपलं, तरी त्याने तसंच पॉलिश चढवलं.

महिनाअखेर भाऊ आला. बाईंनी त्याला शेजारी बसवलं आणि घाट चढून, उतरून, गाडी थेट गॅरेजापुढे आणून उभी केली. भाऊ खाली उतरला आणि त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवतो, एवढंच तो बोलला.

बाई मात्र उतरल्या नाहीत. स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून त्यांनी श्रीपालला जवळ बोलावलं.

"दोन वर्षं मला वाटत होतं," त्या म्हणाल्या, "माझेच हात आखूड आहेत."

आप्पांच्या मापाची तीच फळी सागातून पुन्हा करायला श्रीपालने करवत उचलली होती, ती खाली ठेवताना त्याला केवढा राग आला होता, हे त्याला आठवलं.