ढगोबाने काढलेलं वर्गमूळ

"ज्या संख्येला तिनेच गुणलं की उणे एक येतो, ती संख्या मला हवी! आत्ता!"

धुंडिराज महाराजांनी अंबारीच्या शिडीवर एक पाय ठेवला आणि ते तिथेच अडून राहिले. स्वारी खोळंबली. महाराजांना गणिताचं खूळ लागल्यापासून हे असंच चाललं होतं.

शास्त्रीबुवा घाम पुसत म्हणाले, "महाराज, अशी संख्याच नाही! उणे एकाने गुणणं म्हणजे तोंड उलट दिशेला फिरवणं. दोनदा फिरवलं की माणूस पुन्हा होता तसाच!"

"माझ्या राज्यात 'नाही' चालत नाही! उत्तर मिळेपर्यंत पाठशाळेला कुलूप!"

ढगोबा हत्तीच्या मानेवर बसलेल्या हौसाने गर्रकन मागे वळून पाहिलं. बाप तापाने निजला होता, म्हणून आज ती माहुताच्या जागी होती. एरवी ती शास्त्रीबुवांच्या पाठशाळेत जायची. भागाकार आत्ता कुठे जमू लागला होता, आणि मध्येच हा हट्ट! तिला इतका राग आला की घाबरायचं राहूनच गेलं.

"महाराज, आधी वर तर बसा! आपली संख्या हत्तीवरूनच दिसेल."

दरबारी फिदीफिदी हसले. महाराज मात्र मुकाट्याने चढून बसले.

"ढगोबाचं तोंड पूर्वेला आहे. हा अधिक एक. पश्चिमेला झालं की उणे एक. बरोबर ना, शास्त्रीबुवा?"

"अगदी बरोबर!"

"मग एकच इशारा मी दोनदा करते, म्हणजे संख्येला तिनेच गुणल्यासारखं. तेवढ्याने हत्तीचं तोंड उलट दिशेला होईल."

"कसा होईल?" महाराज गुरकावले. "पहिल्याने उलटा, दुसऱ्याने पुन्हा सुलटा!"

"अंबारीसकट एकदम उलटा फिरवला तर आपण धुळीत पडाल, महाराज! माहूत आधी अर्धाच वळवतो. अंबारी सावरू देतो. मग उरलेला."

हौसाने पायाने इशारा केला. ढगोबा डावीकडे वळला आणि उत्तरेला तोंड करून थांबला.

"आता सांगा, आपण अधिक की उणे?"

महाराजांनी एकदा पूर्वेला पाहिलं, एकदा पश्चिमेला. "दोन्ही नाही!"

"हे अर्धं वळण हीच ती संख्या! सगळे तिला रस्त्यावर पुढेमागे शोधत होते, आणि ही आपली रस्त्याच्या बाजूला उभी!"

तिने पुन्हा तोच इशारा केला. ढगोबाचं तोंड पश्चिमेला झालं.

"उणे एक!" शास्त्रीबुवांनी आनंदाने उडीच मारली.

"थांब, पोरी!" महाराजांनी डोळे बारीक केले. "उजवीकडून वळवला असतास तर?"

"तरी दोन वळणांत पश्चिमच! आपण एक मागितलीत, दोन निघाल्या!"

महाराज असे हसले, की अंबारी गदगदली. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं. "कुलूप रद्द! आणि उद्या पाठशाळेत जाताना मला हाक मार. हे वळणांचं गणित मलाही शिकायचंय!"

"मारीन की! पण वेळेवर तयार राहा, महाराज. उशिरा येणाऱ्याला शास्त्रीबुवा ओणवं उभं करतात!"

शास्त्रीबुवांनी कानांवर हात ठेवले, आणि महाराज पुन्हा पोट धरून हसत सुटले.