हवेतले पाच सागरगोटे

खेळांचीसुद्धा बायकी आणि मर्दानी अशी वाटणी करून ठेवलीत तुम्ही!

दांडपट्टा शिकायला आखाड्यात आलेल्या हौसाला वस्ताद रावजी हसले. "सागरगोटे झेलणारी तू! माझ्या हातातली काठी घेऊन दाखव, नाहीतर पुन्हा इथं पाऊल टाकू नकोस."

हौसाने ओच्यातले पाचही सागरगोटे काढून उंच उडवले. सांजेच्या सोनेरी धुळीत ते जणू तरंगतच राहिले. वस्ताद भान हरपून वर बघत राहिले. हौसाने एका हाताने अलगद काठी काढून घेतली, दुसऱ्या हाताने पाचही झेलले.

"अगं, हा खेळ झाला. ही लढाई नव्हे!"

"वस्ताद, वर न बघता झेलायला मला खेळानं शिकवलं. समोर बघायला तुम्हाला लढाईनं शिकवलं नाही का?"

हत्यारं पुसणारा म्हातारा कोंडिबा म्हणाला, "वस्ताद, उद्यापासून शिकवणार कोण, तेवढं सांगा."