चोचुलीची तारली

समुद्रात होतं एक बेट. बेटावर होता एक खडक. खडकावर होतं काटक्यांचं घरटं. घरट्यात राहायची चोचुली. चोचुली म्हणजे समुद्रगरुडाचं पिल्लू. पंख एवढेसे, भूक मात्र एवढी मोठी.

एकदा बाबांनी आणली तारली मासळी. ताजी ताजी, चांदीसारखी. तारली ठेवली आणि बाबा पुन्हा उडाले.

चोचुलीनं तारली उचलली. तारली होती गुळगुळीत. सट्‌कन सटकली. गड गड गड... खालच्या कपारीत पडली.

चोचुली खाली आली, टुणुक टुणुक. कपारीत चोच घातली. चोच पुरेना.

कपारीत बसली होती एक कुर्ली. कुर्ली म्हणजे खेकडी.

"कुर्लीमावशी, कुर्लीमावशी, तारली देतेस का? माझी तारली मिळेना."

कुर्ली म्हणाली, "मी पडले कोरडी ठणठणीत. लाट भिजवेल, तर मी हलेन. लाटेला सांग जा."

चोचुली निघाली, टुणुक टुणुक. लाट लोळत होती वाळूत.

"लाटेताई, लाटेताई, धावतेस का? कुर्ली हलेना. माझी तारली मिळेना."

लाट म्हणाली, "मला आलाय कंटाळा. वारा ढकलेल, तर मी धावेन. वाऱ्याला सांग जा."

चोचुली निघाली, टुणुक टुणुक. वारा झोपला होता सुरूच्या झाडात.

"वारेदादा, वारेदादा, वाहतोस का? लाट धावेना. कुर्ली हलेना. माझी तारली मिळेना."

वारा म्हणाला, "एकट्यानं काय वाहायचं? होडीवाला नाखवा शीड उभारेल, तर मी वाहीन. नाखवाला सांग जा."

चोचुली निघाली, टुणुक टुणुक. पाय दुखले. पोटात गुरगुर झालं. तरी निघाली.

किनाऱ्यावर होती होडी. होडीत बसला होता पोशा नाखवा, गालाला हात लावून.

"नाखवाकाका, नाखवाकाका, शीड उभारता का? वारा वाहेना. लाट धावेना. कुर्ली हलेना. माझी तारली मिळेना."

पोशा नाखवा म्हणाला, "शीड उभारून जाऊ कुठं गो बाय? मासळी कुठं हाय, तेच ठाव नाय. मासळी दाखव, शीड उभारतो."

आता कुणाला विचारायचं? चोचुलीनं मान वर केली. लांब आभाळात बाबा फिरत होते. गोल गोल, गोल गोल. मग पंख मिटले आणि खाली झेपावले. सूर्‌र्‌र्... छपाक. पायात मासा.

"नाखवाकाका, ते बघा माझे बाबा. बाबा फिरतात तिथं मासळी. कधी बोय, कधी बांगडा, कधी तारली."

नाखवानं कपाळावर हात धरून पाहिलं. पाणी चमचमत होतं.

"खरंच की गो बाय," नाखवा म्हणाला.

मग नाखवानं शीड उभारलं, फडफड फडफड.
शीड बघून वारा वाहिला, सूं सूं सूं.
वाऱ्यानं लाट ढकलली. लाट धावली, खळखळ खळखळ.
लाटेनं कुर्ली भिजवली. कुर्ली हलली, खुडबुड खुडबुड.
कुर्लीनं तारली ओढली, सर्र सर्र. शेपटीचा एक तुकडा हळूच मटकावला. तोवर चोचुली परत आली, टुणुक टुणुक.

"ही घे तुझी तारली. शेपटी तेवढी माझी," कुर्ली म्हणाली.

"चालेल मावशी," चोचुली म्हणाली.

चोचुलीनं तारली पायाखाली धरली. घट्ट घट्ट. चोचीनं तोडली आणि खाल्ली, मटामटा मटामटा. पोट झालं टम्म. डोळे लागले मिटायला. तिकडे होडी निघाली बाबांच्या मागे, डुलत डुलत.

तारली गेली पोटात, गोष्ट राहिली ओठात.