जोमा तांडेलाचं नाव

आसरोळीच्या खाडीकाठी मारियामातेचं देऊळ आहे. इथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. या देवळातला वाचनाचा दगडी चौरंग आत वेदीजवळ नाही, बाहेर पायरीवर आहे, खाडीकडे तोंड करून. पाहुण्यांनी विचारलं, की गावातले वृद्ध मिंगेलकाका त्याची हकिगत सांगतात.

पूर्वी खाडीवर पूल नव्हता. पलीकडच्या ख्रिस्ती वाड्यांतली माणसं मिस्साच्या उपासनेला यायची ती जोमा तांडेलाच्या होडीतून. जोमा कोळी, एकवीरेचा भक्त. एका वर्षी मारियामातेच्या सणाला भर ओहोटीत वारा फिरला आणि होडी पालथी झाली. जोमाने एकेकाला ओढून चिखलावर काढलं. रेजिन नावाच्या विधवेची लहानगी सिसिल तेवढी पाण्यात राहिली. तो पुन्हा आत गेला आणि पोरीला उचलून रेजिनच्या हातांत दिलं. "धर बाय, पोर धर," एवढंच म्हणाला आणि धारेने त्याला ओढून नेलं.

प्रेत तिवरांच्या झाडीत सापडलं, म्हणे. कोळ्यांनी त्याला अग्नी दिला. रेजिन तडक पाद्रीबाबांकडे गेली.

"येत्या मिस्सात जोमाचं नाव घ्या."

"बाप्तिस्मा नसलेल्याचं नाव वेदीवरून घेता येत नाही, बाय. नियम माझा नाही."

"देवाची माया सगळ्यांवर आहे, हे तुम्हीच शिकवलंत ना? मग जोमा कुणाचा?"

पाद्रीबाबा वाईट माणूस नव्हता. घाबरट होता.

परतताना ती जोमाच्या घरी थांबली. त्याची बायको हिरू चुलीपाशी नुसतीच बसली होती. तिने विचारलं, "तुझ्या देवाला माझा धनी दिसला असंल का गं?"

त्यानंतर रेजिन देवळात शिरली नाही. दर रविवारी यायची, पायरीवर बसायची. सिसिलचं लग्नही तिने तिथूनच पाहिलं. पाद्रीबाबा ख्रिस्तप्रसाद घेऊन बाहेर यायचा, तेव्हा ती तोंड फिरवायची. "आधी त्याला जागा द्या." पुढे पुढे तिची प्रार्थनाही सुटली. ओठ उघडले की खाडीचं पाणी आत शिरल्यासारखं व्हायचं तिला, असं सांगतात. देव जोमावर माया करतो, असं कुणीतरी एकदा म्हणावं, एवढीच तिची आस होती. कुणी म्हटलं नाही. एका पावसाळ्यात तापाने ती तशीच गेली.

तिच्या मातीच्या दिवशी म्हाताऱ्या पाद्रीबाबाने माणसं लावून चौरंग बाहेर काढवला. खाडीकडे तोंड करून आधी जोमाचं नाव घेतलं, मग रेजिनचं. अंगणात हिरू उभी होती.

"आता घेतलंत," ती म्हणाली. "ऐकायला ती कुठंय?"

शेवटचं आमेन पाद्रीबाबाच्या तोंडून निघालं नाही. लोकांच्याही नाही.

आजही सणाच्या सकाळी मिस्साआधी पाद्री बाहेर येतो आणि वर्षभरात गावात वारलेल्यांची नावं वाचतो. कोळी, आगरी, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्यांची. नावं संपतात. लोक माना खाली घालून उभे असतात, आणि आमेन कुणीही म्हणत नाही.